जलशुद्धी : व्रत आणि कायदा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करीत असताना आपल्या घराघरांतील एका साध्या आचाराकडे नव्या दृष्टीने पाहावे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे. तो आचार म्हणजे पाणी गाळून वापरणे. जैन घराच्या माजघरात घागरीच्या तोंडावर दुपदरी गाळणे असे आणि सून घरात आली की तिला पहिला धडा गाळण्याचा मिळे. आज नळाला यंत्रे बसली, घागरी गेल्या. तरीही गाळल्याशिवाय पाणी ओठांना लावावयाचे नाही हा संस्कार पुष्कळ घरांतून टिकून आहे.

या आचाराचे दोन भाग आहेत. आपल्या पात्रात येणारे पाणी शुद्ध असावे, हा पहिला भाग. दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. गाळण्यात अडकलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी असेल त्याच जलाशयात हळुवारपणे परत सोडावयाची. जेथून घेतले तेथे काही अपाय न करता परत जावे, ही त्यामागील भावना. पाणी हेच ज्यांचे शरीर आहे अशा अप्काय जीवांचा विचार करणाऱ्या दर्शनाला हे सुचले यात नवल नाही. मात्र काळाच्या ओघात पहिला भाग आपल्या स्मरणात राहिला आणि दुसरा मागे पडला. आपल्याकडे येणाऱ्या पाण्याची चिंता प्रत्येकाला आहे. आपल्याकडून परत जाणाऱ्या पाण्याची चिंता फारच थोड्यांना आहे. आजचा विषय या दुसऱ्या भागाशी संबंधित आहे.

जे गाळण्यात अडत नाही

शेतात टाकलेल्या नत्रखताचा जो अंश पीक घेत नाही, तो पावसाच्या किंवा पाटाच्या पाण्यात विरघळून नायट्रेटच्या रूपाने विहिरीत, ओढ्यात आणि नदीत उतरतो. हा पदार्थ पाण्यात पूर्णपणे विरघळलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. कापड कितीही घट्ट विणीचे असो, दुपदरी असो की चौपदरी, ते नायट्रेटला अडवू शकत नाही. पाणी उकळल्यानेही उपयोग होत नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी होते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते. उकळलेले पाणी पिण्याचा नियम निष्ठेने पाळणाऱ्या आपल्या समाजाने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी.

सहा महिन्यांच्या आतील अर्भकाच्या शरीरात अधिक नायट्रेट गेले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. या विकाराचा विहिरीच्या पाण्याशी असलेला संबंध १९४५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातील हंटर कॉमली या डॉक्टरांनी प्रथम प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला १० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. ती नत्राच्या वजनाने मोजतात. भारतात ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, ती नायट्रेटच्या वजनाने. मोजण्याची रीत निराळी, परंतु अर्थ जवळजवळ एकच.

हा प्रश्न कसा निर्माण होतो आणि तो सोडविताना राजकारण कोठे आडवे येते, हे समजून घेण्यासाठी त्याच आयोवा राज्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे.

परिचित नावाचे एक दूरचे राज्य

आयोवा हे नाव मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घराघरांत पोहोचले. त्यांचे कृषिशिक्षण याच राज्यात झाले. हरितक्रांतीचे प्रणेते नॉर्मन बोरलॉग यांचा जन्मही १९१४ साली आयोवातील एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेला जागतिक अन्न पुरस्कार आयोवाची राजधानी डि मॉइन येथे दिला जातो आणि १९८७ साली त्याचे पहिले मानकरी आपले डॉ. एम. एस. स्वामिनाथन होते. ज्या भूमीने जगाला अधिक धान्य पिकविण्याची विद्या दिली, त्याच भूमीच्या राजधानीला आज पिण्याच्या पाण्यासाठी झगडावे लागत आहे, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

आयोवाची माती काळी आणि अतिशय सुपीक. पण राज्याच्या उत्तर-मध्य भागात एके काळी दलदली आणि उथळ तळी पसरलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांची जाळी घालून हे पाणी ओढ्यांत काढून दिले. गावोगावी निचरा मंडळे स्थापन झाली, कायद्याने त्यांना अधिकार मिळाले आणि बहुतेक सर्व पाणथळ जागा नांगराखाली आल्या. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये तळी-सरोवरे आटविण्याच्या व्यवसायाचा स्पष्ट समावेश आहे. आपल्या पूर्वाचार्यांनी हा निषेध जलचर जीवांच्या करुणेपोटी केला. आयोवाच्या अनुभवाने त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. तळी आणि दलदली नत्र जिरविणारी निसर्गाची गाळणी असते. पाणी तेथे रेंगाळते आणि तेथील सूक्ष्म जीव नायट्रेटचे रूपांतर निरुपद्रवी वायूत करतात. गाळणे काढून टाकले आणि त्या जागी थेट नळी बसविली, तर शेतातील नायट्रेट वाटेत कोठेही न थांबता नदीला मिळणार हे उघड आहे.

या जमिनीवर आता मुख्यत्वे मका आणि सोयाबीन ही दोनच पिके घेतली जातात. त्यांतील मक्याचा फार मोठा हिस्सा माणसाच्या ताटात जात नाही. तो इथेनॉलच्या कारखान्यात आणि पशुखाद्यात जातो. सुमारे ३२ लाख लोकवस्तीच्या या राज्यात दोन कोटींहून अधिक डुकरे बंदिस्त गोठ्यांत मांसासाठी पाळली जातात. त्यांचे मलमूत्रही शेतातच पसरले जाते. हिंसेवर उभा राहिलेला व्यवसाय हवा, पाणी आणि माती यांना कसा वेढतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

डि मॉइनचा जमाखर्च

डि मॉइन शहर आपले पाणी रॅकून आणि डि मॉइन या दोन नद्यांतून घेते. नद्यांतील नायट्रेट वारंवार मर्यादेबाहेर जाऊ लागल्याने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील जलसंस्थेने सुमारे ४१ लाख डॉलर खर्चून नायट्रेट काढण्याचे यंत्रसंकुल उभारले. त्या काळी ते जगातील अशा प्रकारचे सर्वांत मोठे मानले गेले. ते गरज पडेल तेव्हाच चालवावयाचे होते. पण २०१५ साली ते १७७ दिवस चालवावे लागले आणि त्या एका वर्षाचा खर्च सुमारे १५ लाख डॉलरवर गेला.

हा खर्च कोणाच्या खात्यावर पडला? खत विकणाऱ्याच्या नाही, मका घेणाऱ्याच्या नाही आणि शेतमालकाच्याही नाही. तो पडला शहरातील पाणीपट्टी भरणाऱ्या सामान्य कुटुंबाच्या खात्यावर. नफा एकाच्या वहीत आणि तोटा दुसऱ्याच्या वहीत, अशी ही मांडणी आहे. व्यापारात असा जमाखर्च कोणी लिहिला तर त्याला खोटी वही म्हणतात. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे वापरण्याचा दोष सांगितला आहे, तो अशाच व्यवहारांना अनुलक्षून. येथे माप खोटे ठेवणारा एकटा माणूस नाही, संपूर्ण व्यवस्थाच आहे, एवढाच फरक.

कायद्यातील खिंड

अमेरिकेत १९७२ साली स्वच्छ जल कायदा झाला. एखाद्या नळीतून किंवा चरातून नदीत दूषित पाणी सोडणाऱ्या प्रत्येकाने परवाना घ्यावा, ही त्याची मुख्य तरतूद. कारखाने आणि नगरपालिका या तरतुदीच्या कक्षेत आल्या आणि अनेक नद्या खरोखरच सुधारल्या. मात्र १९७७ च्या दुरुस्तीने सिंचनाचे परतीचे पाणी आणि १९८७ च्या दुरुस्तीने शेतातून वाहणारे पावसाचे पाणी या परवान्यातून वगळण्यात आले. शेतीच्या प्रदूषणासाठी अनुदान, सल्ला आणि विनंती एवढेच मार्ग उरले.

यातील विसंगती डि मॉइनमध्ये उघडी पडली. जलसंस्था यंत्राने जे नायट्रेट पाण्यातून बाजूला काढी, ते नदीत परत सोडण्यासाठी तिला परवाना घ्यावा लागे. तेच नायट्रेट मुळात नदीत आणून सोडणाऱ्या जमिनीखालच्या नळ्यांना मात्र परवान्याची आवश्यकता नव्हती. घाण काढणाऱ्यावर नियम आणि घाण आणणाऱ्यास मोकळीक, असा हा न्याय.

मार्च २०१५ मध्ये जलसंस्थेने, तिचे मुख्याधिकारी बिल स्टो यांच्या पुढाकाराने, सॅक, कॅल्हून आणि ब्यूना व्हिस्टा या तीन परगण्यांतील निचरा मंडळांविरुद्ध संघीय न्यायालयात दावा दाखल केला. नळीतून वाहणारे पाणी हे पावसाचे वरवर वाहून जाणारे पाणी नव्हे, ते जमिनीत मुरलेले पाणी आहे. म्हणून नळीला परवाना लागलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

राज्यात वादळ उठले. राज्यपाल टेरी ब्रॅनस्टॅड यांनी शहराने ग्रामीण आयोवाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप केला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा पहिला कौल अनेक दशके याच राज्यातून घेतला जात असल्याने शेतकऱ्याला दुखविण्यास कोणताही राष्ट्रीय नेता धजत नव्हता. परगण्यांच्या बचावाचा खर्च कोण करीत आहे, हाही प्रश्न निघाला. स्टॉर्म लेक या छोट्या गावातील ‘स्टॉर्म लेक टाइम्स’ या कौटुंबिक वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा केला आणि शेतीव्यवसायातील मोठ्या हितसंबंधीयांचा पैसा पडद्याआडून येत असल्याचे उजेडात आणले. संपादक आर्ट कलन यांना त्यांच्या अग्रलेखांसाठी २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्या गावात हे पत्र निघते, ते दाव्यातील प्रतिवादी परगण्यातच आहे. आपल्याच गावाला न रुचणारे सत्य सांगण्याचे धैर्य त्या पत्राने दाखविले, याची नोंद घ्यावयास हवी.

निकाल मात्र जलसंस्थेच्या विरुद्ध गेला. जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निचरा मंडळांना अशा दाव्यांपासून संरक्षण असल्याचे सांगितले. मार्च २०१७ मध्ये संघीय न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रँड यांनी दावा काढून टाकला. निचरा मंडळांना पाणी काढून देण्याचाच अधिकार आहे, प्रदूषण रोखण्याचा अधिकारच नाही. तेव्हा त्यांच्याविरुद्ध हुकूम देऊन उपयोग काय, असा त्याचा आशय. शेतातील नळीला परवाना लागतो की नाही, हा मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला. त्याच वर्षी दावा लावणाऱ्या जलसंस्थेचे स्वतंत्र मंडळच बरखास्त करण्याचे विधेयक विधिमंडळात आले. ते संमत झाले नाही, परंतु त्यातील इशारा सर्वांना समजला. बिल स्टो यांचे २०१९ साली निधन झाले.

शेतकऱ्याची बाजू

येथे थांबून शेतकऱ्याची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. अनेकांतवादाचा वारसा सांगणाऱ्यांना एकाच बाजूने निवाडा करता येत नाही.

भगवान ऋषभदेवांनी असि, मसि आणि कृषी या जीवनोपयोगी विद्या शिकविल्या, अशी आपली श्रद्धा आहे. गृहस्थाला शेतीत घडणारी हिंसा ही उद्योगी हिंसा होय. ती पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून यत्नाचाराने कमी करावयाची असते. आयोवाच्या शेतकऱ्याने मुद्दाम कोणाचे पाणी नासविलेले नाही. निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने दिलेली असते. ज्याचा खंड वर्षावर्षाने ठरतो, त्याने मातीच्या दूरच्या हितासाठी पदरचा पैसा का घालावा? मक्याचा भाव त्याच्या हाती नाही, बियाणे आणि खत यांच्या किमतीही त्याच्या हाती नाहीत. काळ्या मातीतील सेंद्रिय द्रव्यातूनही नायट्रेट सुटते आणि दुष्काळानंतर मोठा पाऊस आला तर साठलेले सारे एकदम नदीत उतरते. यातील प्रत्येक मुद्दा खरा आहे.

पण हेही तितकेच खरे आहे की, पुष्कळ ठिकाणी मक्यासाठीचे नत्रखत आदल्या शरद ऋतूतच जमिनीत घातले जाते. पीक उभे राहावयास कित्येक महिने असतात आणि मध्ये वसंतातील पाऊस येतो. त्या पावसाबरोबर वाहून जाणारे नत्र पिकालाही मिळत नाही आणि शेतकऱ्यालाही मिळत नाही. ते फक्त नदीला मिळते. आपल्या शास्त्रात याला नेमका शब्द आहे: अनर्थदंड. ज्या हिंसेने कोणाचेही प्रयोजन साधत नाही, ती हिंसा. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे. विनाकारण पाणी सांडणे, जमीन उकरणे यांसारखी निष्काळजी वागणूक तीत येते. प्रयोजनापुरत्या खताला कोणी दोष देत नाही. प्रयोजनापलीकडच्या खताचा मात्र कोणत्याच बाजूने बचाव करता येत नाही.

त्यावर उपायही ज्ञात आहेत. मुख्य पीक नसताना जमीन झाकणारी आच्छादन पिके, ओढ्याकाठी गवताचे पट्टे, नळीच्या तोंडाशी लाकडाच्या तुकड्यांचे खड्डे, आणि ठिकठिकाणी पुन्हा उभारलेल्या पाणथळ जागा. आयोवा राज्य विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर २००० च्या दशकापासून चाललेल्या एका प्रयोगात मका-सोयाबीनच्या जोडीला ओट व घासासारखी पिके फेरपालटाने घेतली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार रासायनिक खताचा वापर पुष्कळ घटूनही नफा टिकून राहिला. द्विदल पिकांनी मातीचे नत्र वाढते, हे कार्व्हर यांनी दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांना कितीतरी आधी शिकविले होते. ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती ती बंधनाची.

ऐच्छिकता म्हणजे व्रत नव्हे

२०१३ साली आयोवाने पोषकद्रव्ये घटविण्याचे धोरण जाहीर केले. नद्यांत जाणारे नत्र आणि स्फुरद ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठरले. शेतीचा सहभाग ऐच्छिक ठेवण्यात आला. दंड नको, समजावणी हवी, हा विचार ऐकावयास गोड वाटतो. जैन धर्मही सक्तीचा नाही. तोही स्वेच्छेने घेतलेल्या व्रतांवर उभा आहे. मग या दोन ऐच्छिकतांत भेद कोणता?

भेद मूलगामी आहे. श्रावक व्रत घेतो तेव्हा चार गोष्टी घडतात. पहिली, मर्यादा ठरते. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा मोठा धनिक कृषिवल. त्याने आपली शेती पाचशे नांगरांपुरती मर्यादित केली; ‘शक्य तितकी कमी करीन’ असे मोघम म्हटले नाही. दुसरी, साक्षी असतो. व्रत गुरूंच्या सान्निध्यात घेतले जाते. तिसरी, नियमित कालांतराने प्रतिक्रमण होते. काय पाळले आणि काय मोडले याची तपासणी होते. चौथी, अतिचार घडला तर प्रायश्चित्त असते. आयोवाच्या धोरणात एकूण टक्केवारी होती, परंतु कोणत्या शेतकऱ्याने किती घटवावयाचे हे नव्हते. गाठण्याची मुदत नव्हती. चुकल्यास परिणाम नव्हता. मर्यादा, साक्षी, प्रतिक्रमण आणि प्रायश्चित्त या चारही गोष्टी काढून टाकल्यावर जे उरते त्याला व्रत म्हणत नाहीत; ती केवळ सदिच्छा होय.

सदिच्छेमागे पैसाही उभा राहिला नाही. २०१० साली आयोवाच्या मतदारांनी सुमारे ६३ टक्के मतांनी घटनादुरुस्ती संमत करून माती आणि पाणी यांच्या रक्षणासाठी एक न्यासनिधी स्थापन केला. विक्रीकर पुढे वाढेल तेव्हा त्यातील ठरावीक वाटा या निधीत जावयाचा होता. विधिमंडळाने कर वाढविलाच नाही. पंधरा वर्षांनंतर, २०२५ मध्येही, ती तिजोरी रिकामीच होती. न्यास चालविणाऱ्यांना हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नाही. न्यासपत्र नोंदविणे सोपे असते. त्यात निधी घालणे हीच निष्ठेची कसोटी. तसेच, १९८७ च्या भूजल संरक्षण कायद्याने खत व कीटकनाशकांवर अल्प शुल्क बसवून शाश्वत शेतीच्या संशोधनासाठी लिओपोल्ड केंद्र उभारले होते. २०१७ साली विधिमंडळाने त्याचा आर्थिक आधार काढून घेतला.

परिणाम सर्वांसमोर आला. जून २०२५ मध्ये नद्यांतील नायट्रेट इतके वाढले की, डि मॉइन परिसरातील सुमारे ६ लाख लोकांना हिरवळीला पाणी घालण्यास बंदी करण्यात आली. यंत्रांना जेवढे पाणी शुद्ध करता येईल तेवढेच पिण्यासाठी राखावे लागले. नदी दुथडी वाहत असताना पाण्याची टंचाई, असे दृश्य त्या शहराने पाहिले. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांच्या अहवालाने नद्यांतील नत्रापैकी सुमारे ८० टक्के वाटा शेतीचा असल्याचे नमूद केले.

हे पाणी डि मॉइनपाशी थांबत नाही. ते मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात जाते. तेथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि हजारो चौरस किलोमीटर समुद्रात मासे व तळाचे जीव गुदमरतात. हा निष्प्राण टापू ५,००० चौरस किलोमीटरपर्यंत आणण्याचे लक्ष्य प्रथम २०१५ साठी होते, पुढे ते २०३५ वर ढकलण्यात आले. आयोवातील एका शेतात घडलेला प्रमाद दीड-दोन हजार किलोमीटर दूर असंख्य जीवांचा घात करतो. सर्व जीव परस्परांच्या आधाराने जगतात, या आपल्या सिद्धांताचा याहून भयंकर प्रत्यय दुसरा कोणता?

याउलट डेन्मार्कने १९८७ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक नियम केले. प्रत्येक शेतात किती नत्र घालावयाचे याची मर्यादा आणि त्याचा लेखी हिशेब ठेवणे सक्तीचे झाले. पुढील सुमारे दोन दशकांत तेथील जमिनीतून झिरपणारे नत्र जवळजवळ निम्म्याने घटले आणि शेती बुडाली नाही. मर्यादा आणि हिशेब ही व्रताची दोन अंगे कायद्यात आली, तेव्हाच नद्यांना दिलासा मिळाला.

आपल्या अंगणात

हे सारे परदेशातील म्हणून ऐकून सोडून देण्यासारखे नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक-पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते. अशा जिल्ह्यांची संख्या ४४० होती. महाराष्ट्रातील दूषित नमुन्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते. यात खतांबरोबर सांडपाणी आणि शौचालयांचे शोषखड्डे यांचाही वाटा आहे; सगळा दोष शेतीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

परंतु धोरणाचे स्वरूप मात्र आयोवासारखेच आहे. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्याने कारखाने आणि नगरपालिका यांना संमतीपत्राच्या चौकटीत आणले; शेतातून वाहणारे पाणी व्यवहारतः चौकटीबाहेर राहिले. दुसरीकडे, २०१० साली खतांच्या अनुदानाची नवी पद्धत आली तेव्हा युरिया तिच्यातून वगळण्यात आला. २०१८ साली युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत कर व लेपनखर्च वगळून २४२ रुपये ठरली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे ती हलली नाही. स्फुरद व पालाश महाग, नत्र स्वस्त. मग शेतकरी नत्राकडेच झुकणार. ही किंमत बदलण्याचे धाडस कोणत्याही पक्षाने केले नाही, कारण बळीराजाचा रोष कोणालाच परवडत नाही. आयोवा आणि महाराष्ट्र यांच्यात समुद्र आडवा आहे, पण मतपेटीचे गणित सारखेच आहे.

दक्षिण महाराष्ट्रात आपला जैन समाज पिढ्यान् पिढ्या शेती करीत आला आहे. शहरांतील आपले अनेक बांधव खते-बियाण्यांच्या व्यापारात आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी परक्याचा नाही. खत घालणारा हात, खत विकणारा हात आणि पाणी पिणारे मुख ही तिन्ही आपल्याच घरची आहेत. कायदा होईल तेव्हा होवो, व्रतासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजापुढे चार संकल्प ठेवावेसे वाटतात. एक, मंदिर, स्थानक, धर्मशाळा आणि वसतिगृह यांच्या विहिरी व कूपनलिकांचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, नायट्रेटसाठी तपासून घ्यावे आणि निष्कर्ष फलकावर लावावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतून अशी तपासणी होते. दोन, ज्या घरात तान्हे बाळ आहे त्यांनी विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय बाळाला पाजू नये; केवळ उकळण्यावर विसंबू नये. तीन, शेतकरी बांधवांनी मातीपरीक्षण करून खताची मर्यादा एकरी किलोंत ठरवावी, ती हप्त्याहप्त्याने द्यावी, फेरपालटात द्विदल पीक घ्यावे आणि ओढ्याकाठचा पट्टा न नांगरता सोडावा. चार, खताच्या व्यापाऱ्यांनी विक्री वाढविण्यासाठी गरजेपेक्षा अधिक खताचा सल्ला देऊ नये. हा नफा सोडणे हाही अपरिग्रहच होय.

यांपैकी प्रत्येक संकल्पात मर्यादा आहे, मोजमाप आहे आणि वर्षअखेरीस तपासणीची सोय आहे. दरवर्षी पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात, जेव्हा आपण जीवमात्राची क्षमा मागतो, तेव्हा या संकल्पांचेही प्रतिक्रमण व्हावे. अप्काय जीवांची क्षमा मागताना आपल्या विहिरीतील पाण्याचा अहवाल आपल्या हाती असावा.

पूर्वजांनी गाळलेल्या पाण्याबरोबर जिवाणी परत सोडण्याचा नियम आपल्या हाती दिला. त्यांना नायट्रेट ठाऊक नव्हते, पण घेतलेल्या जलाशयाचे आपण देणे लागतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. न्यासाची पुढील पन्नास वर्षे हे देणे फेडण्यात जावोत, ही मंगल कामना.

जय जिनेंद्र.